भोंगा, दिवा आणि पंप

रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या भोई घाटावर सावित्री नदीचे पाणी मोजले जाते. ६ मीटर ही इशारा पातळी, साडेसहा मीटर ही धोका पातळी. जुलै महिन्यात या दोन आकड्यांवर सगळ्या गावाचा जीव टांगलेला असतो. पाणी चढू लागले की नगरपालिकेचा भोंगा वाजतो आणि बाजारपेठेत एकच धांदल उडते. साखरेची पोती, कापडाचे तागे, औषधांची खोकी माळ्यावर जातात. फ्रीजखाली बाकडी सरकवली जातात. उधारीची वही सगळ्यांत वर. मोटारसायकली चढावर नेऊन लावायच्या, इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून घ्यायची, मोबाइल चार्ज करून ठेवायचे, कारण पाण्याच्या आधी वीज जाणार हे ठरलेलेच. पाणी ओसरले की भिंतीवर मातकट रेघ उरते आणि मग वर्षानुवर्षे तिच्यावर बोलणे होते: २००५ ला कुठवर आले होते, २०२१ ला कुठवर.

हवामान बदलावरच्या परिषदा दूरदेशी भरतात. महाडकरांना तो विषय दुकानाच्या शटरखालून आत येताना दिसतो.

२२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पुणे शहरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळून साधारण एवढा पाऊस होतो. सावित्री उगम पावते ती याच महाबळेश्वरच्या डोंगरात. तिथून ती उभ्या कड्यांवरून पोलादपूर तालुक्यात उतरते आणि महाडला आली की एकदम सपाटीला लागते. इथे गांधारी तिला येऊन मिळते. पुढे दासगाव, आंबेत करत बाणकोटच्या खाडीने ती समुद्र गाठते. भरतीचे पाणी उलट दिशेने महाडपर्यंत येते. वरून डोंगराचे पाणी आणि खालून समुद्राची भरती यांची वेळ जुळली तर मध्ये सापडलेल्या शहराला सुटका नसते. २०२१ च्या त्या पावसात महाड पाण्यात बुडाले, तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही डोंगर घरांवर आला. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मिळून तेव्हा जवळपास २०० जीव गेले.

एकेका घटनेचे खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही. पण मुळातले गणित शाळेच्या पुस्तकातले आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. अरबी समुद्र तापतो आहे, त्यामुळे सह्याद्रीला येऊन धडकणारे ढग अधिक ओझे घेऊन येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. समुद्र तापल्याने वादळांचेही बळ वाढते. ३ जून २०२० ला आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दक्षिण रायगडात विजेचे खांब असे आडवे केले, की अनेक गावांना कित्येक दिवस अंधारात काढावे लागले.

आता प्रश्न असा, की २७-२८ हजार वस्तीच्या नगरपालिकेने आणि त्याहून कितीतरी लहान असलेल्या पोलादपूरच्या नगरपंचायतीने याचे करायचे काय? जगाचा धूर यांच्या हातात नाही. महाबळेश्वरचा पाऊसही नाही. हातात आहेत ते रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे पंप, कचऱ्याची गाडी, बांधकामाची परवानगी, गटारे आणि एक भोंगा.

एवढे साहित्य कमी नाही. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले ते याच साहित्यावर. अभियानाची मांडणी पंचमहाभूतांची आहे: भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश. झाडे आणि कचरा भूमीत, हवेचे प्रदूषण वायूत, नद्या-तळी आणि पावसाचे पाणी जलात, वीजबचत आणि सौरऊर्जा अग्नीत, लोकांचे प्रबोधन आकाशात. प्रत्येकाला गुण असतात आणि नगरपालिका, नगरपंचायती, ग्रामपंचायती आपापल्या गटात एकमेकींशी स्पर्धा करतात. जत्रेतल्या कुस्तीसारखी जोड लावून दिल्यामुळे ‘कार्बन उत्सर्जन’ हा शब्द ज्या कार्यालयांत कधी फिरकला नसता, तिथे त्याची फाइल तयार झाली. फाइलपलीकडे काम किती झाले, हे मात्र गावागणिक निराळे.

या पाच भूतांपैकी अग्नीचा हिशेब सर्वांत सोपा, कारण तो दर महिन्याला बिलाच्या रूपाने येतो. लहान नगरपालिकेच्या वीजबिलात दोन मोठ्या रकमा असतात, दिवाबत्ती आणि पाणीपुरवठा.

आधी दिवाबत्ती. परवापरवापर्यंत गल्लीच्या तोंडाशी असलेला खांब बहुधा सोडियमच्या दिव्याचा असे. संध्याकाळी बटण दाबले की तो आधी गुलाबीसर मिणमिणायचा आणि काही मिनिटांनी नारिंगी रंगात यायचा. त्या उजेडात निळी साडी आणि काळी साडी ओळखू येत नसे. दिव्यावर आकडा ७० वॅटचा, पण सोबतचा चोक स्वतःचे काही वॅट खाणार, म्हणजे ओढ ८५ वॅटच्या घरात. शिवाय त्याचा उजेड चहूबाजूंनी फाकायचा. काही रस्त्यावर, काही आंब्याच्या झाडात, काही थेट आभाळात. एलईडीचा उजेड जिकडे तोंड तिकडेच पडतो. म्हणून त्याच गल्लीला ३० वॅट पुरतात.

वाचलेले ५५ वॅट म्हणजे किती? दिवा रात्री सरासरी ११ तास जळतो असे धरले तर वर्षाचे ४ हजार तास होतात. एका खांबामागे वर्षाला २२० युनिट वाचले. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा दीडशे किलो तोही वाचला. ५०० खांबांचे गाव असेल तर १ लाख १० हजार युनिट. असा बदल करायला नगरपालिकेकडे पैसा नसतो, हीच पूर्वी अडचण होती. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून वाट निघाली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने दिवे आपल्या खर्चाने बसवायचे आणि वाचलेल्या बिलातून वर्षानुवर्षे पैसे वळते करून घ्यायचे, अशी ती पद्धत. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतले नारिंगी रस्ते याच वाटेने पांढरे झाले.

गोम पुढे असते. जुना दिवा गेला की वायरमन शिडी लावून बल्ब बदलायचा, काम संपले. एलईडीत बहुधा दिवा जात नाही, त्यातला ड्रायव्हर जातो. कोकणातली दमट हवा, जूनमधल्या विजा आणि व्होल्टेजची चढउतार या तिन्हींचा तो नावडता. मग अख्खी फिटिंग उतरवून ठेकेदाराकडे पाठवायची आणि ती परत येईपर्यंत गल्ली अंधारात. टायमर बिघडला तर उलटा प्रकार होतो. भर दुपारी बाराला दिवे लख्ख जळत असतात आणि वाचवलेली वीज उन्हात ओतली जाते. म्हणून नुसते दिवे बदलून बचत होत नाही. कोणता खांब कधीपासून बंद आहे आणि कोणता दिवसा चालू आहे, याची रोजची नोंद ठेवणारा माणूस लागतो.

दुसरी रक्कम पाण्याची, आणि हवामानाच्या चर्चेत तिच्याकडे कोणी फारसे बघत नाही. महाडला कोतुर्डे धरणाचे पाणी मिळते. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण धरले, तर २७-२८ हजार वस्तीला रोज सुमारे ३७ लाख लिटर लागते. आता कागदावरचे एक गाव घेऊ, ज्याला एवढेच पाणी ४० मीटर उंच चढवावे लागते. पंप बऱ्यापैकी चालत असेल तरी दिवसाला ६७० युनिट खर्च होतात. त्यातले एक तृतीयांश पाणी वाटेतच गळत असेल, तर वर्षाला ८० हजार युनिट वीज मातीत मुरली. वरच्या हिशेबात एका खांबामागे २२० युनिट वाचले होते. म्हणजे साडेतीनशेहून अधिक खांबांवर कमावलेली बचत एका गळक्या पाइपलाइनने गमावली. धरणाचे पाणी जिथे उताराने आपोआप येते तिथे हा आकडा बराच खाली येतो, आणि कोकणातल्या डोंगराळ गावांची ही मोठी जमेची बाजू आहे. पण गळती शोधणे, घासलेले पंप बदलणे, टाकी भरून वाहू लागण्याआधी पंप बंद होईल अशी सोय करणे, ही कामे उद्घाटनाच्या फितीला शोभणारी नसतात. म्हणून ती मागे पडतात.

कचऱ्याचेही तसेच. खरकटे, भाजीचे देठ, माशांची डोकी ढिगात दाबली गेली की हवेविना कुजतात आणि मिथेन सोडतात. शंभर वर्षांचा हिशेब केला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. यावरचा धडा कोकणातच आहे. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपालिकेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचऱ्याची वीसहून अधिक प्रकारांत वर्गवारी सुरू केली. ओला कचरा बायोगॅसला, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्याला. जिथे पूर्वी नाकाला रुमाल लावून जावे लागे तिथे बाग झाली आणि सहली येऊ लागल्या. कोकरे पुढे रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला गेले आणि तिथेही हाच रेटा लावला. यात यंत्र महागडे नव्हते. मिसळलेला कचरा गाडीत घ्यायचाच नाही, हा नियम पहिल्या महिन्यात ओरडा झाला तरी मोडायचा नाही, एवढेच. पोलादपूरला तर हे आणखी सोपे. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा थांबा. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या इथूनच आंबेनळी घाटाकडे वळतात. रस्त्याकडेची हॉटेले हाच ओल्या कचऱ्याचा मोठा आणि मोजक्या ठिकाणी गोळा होणारा साठा.

सौरऊर्जेबद्दल कोकणात पहिला प्रश्न हमखास येतो: इथे चार महिने सूर्य दिसतो कुठे? प्रश्न रास्त आहे. एक किलोवॉटचे पॅनेल कोरड्या दिवसांत साधारण ४ युनिट देते, आषाढात त्याचे उत्पादन बरेच घसरते. पण नेट मीटरिंगमुळे एप्रिल-मेची जादा वीज महावितरणच्या खात्यात जमा राहते आणि बिलातून वळती होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरावर ३ किलोवॉट बसवणाऱ्याला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. नगरपालिकेची इमारत, शाळा, दवाखाना यांची छपरे तर दिवसा वापरात असलेल्या इमारतींची आहेत. दिवसा तयार झालेली वीज तिथल्या तिथे वापरली जाते.

महाडसाठी यात एक मेख आहे आणि ती पॅनेल विकणारा आपणहून सांगेलच असे नाही. वीजवाहिनीला जोडलेला साधा सोलर संच, वाहिनीतली वीज गेली की आपोआप बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला घरातून उलटी वीज जाऊन धक्का बसू नये, यासाठी तशी योजना असते. म्हणजे पुराच्या दिवशी छपरावर पॅनेल असूनही खाली अंधार. भोंगा, नियंत्रण कक्ष, दवाखान्यातला लसींचा फ्रीज, निवारा केंद्रातले दिवे एवढ्यापुरती तरी बॅटरीची जोड हवी, ती पावसाचा जोर वाढण्याआधी भरलेली हवी, आणि इन्व्हर्टर तळमजल्यावर नको. वीजबचत आणि पुराची तयारी या दोन गोष्टी कागदावर दोन खात्यांत पडतात. महाडमध्ये त्या एकाच जिन्यावर भेटतात.

असे धाडस करणारी छोटी गावे देशात आहेत. तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यातल्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये कर्ज काढून ३५० किलोवॉटची स्वतःची पवनचक्की उभारली आणि गावाची गरज भागून उरलेली वीज राज्याच्या वीजमंडळाला विकली. केरळमध्ये वायनाडच्या मीनंगाडी पंचायतीने २०१६ मध्ये कार्बन-समतोल गाव होण्याचे ठरवले. तिथे शेतकऱ्याने झाड तोडू नये म्हणून त्या झाडावरच बिनव्याजी कर्ज देण्याची योजना निघाली. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला खरा, पण महाडने बघावे असे काही असेल तर ते या पंचायतींकडे.

एवढे सगळे केले तरी महाडचा पूर एका युनिटनेही कमी होणार नाही. दिव्यांची बचत जगाच्या हिशेबात जमा होते, पूर मात्र स्थानिक असतो. त्यासाठी नगरपालिकेकडे वेगळे हत्यार आहे, बांधकामाच्या परवानगीचा शिक्का. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत मोठ्या भूखंडांना पावसाचे पाणी जिरवण्याची सक्तीही आहे. जिथे भाताची खाचरे होती तिथे भराव पडला, की तिथे पसरणारे पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते. नाल्यावर स्लॅब पडला की गाळ काढता येत नाही. झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना त्यात खास संरक्षण आहे. शिक्का मारताना हात आखडला तर पुढारी रागावतात, सैल सोडला तर वीस वर्षांनी कोणाच्या तरी भिंतीवर रेघ चढते.

आणि मग हद्द संपते. सावित्रीतला गाळ, मधली बेटे, दासगाव-वीर पट्ट्यात पाणी अडवत असल्याची महाडकरांची जुनी तक्रार असलेला रेल्वेचा भराव, या गोष्टी नगरपालिकेच्या सभागृहात ठराव करून हलत नाहीत. २०२१ नंतर नागरिकांनी पाठपुरावा केला, प्रशासन हलले आणि गाळ काढण्याचे काम सुरू झाले. पण डोंगरातून नवा गाळ दर पावसाळ्यात येतच राहणार. तो येतो पोलादपूरच्या उतारांवरून, रस्त्यासाठी कापलेल्या कडांवरून, विरळ झालेल्या रानातून. तिथल्या वाड्यांना भोंगा ऐकू जात नाही. त्यांना दुसऱ्या खुणा वाचाव्या लागतात: अंगणात पडलेली भेग, कललेला विजेचा खांब, नेहमीच्या झऱ्याला एकाएकी आलेले गढूळ पाणी. ग्रामपंचायतीने हवामान बदलावर काही करायचे म्हटले, तर या तीन खुणा घरोघर सांगणे आणि रात्री उठून जायची जागा आधी ठरवून ठेवणे, यापेक्षा तातडीचे काम नाही.

ठराव आणि अंमल यांतले अंतर महाडला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करण्याच्या, मुंबई विधिमंडळातल्या बोले ठरावाला अनुसरून इथल्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. तो कागद होता. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागेही घेतला आणि प्रकरण न्यायालयात १९३७ पर्यंत चालले. माणसाच्या हक्काची ती लढाई आणि आजची दिवाबत्ती यांची तुलना होऊ शकत नाही. पण पाण्याविषयीचा ठराव पाळला जातो की नाही, हे तळ्याच्या पायरीवर जाऊन पाहावे लागते, एवढे या गावाला कोणी शिकवायला नको.

पण असे जाऊन पाहणारे नगरसेवकच मधली काही वर्षे नव्हते; राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांचा कारभार प्रशासकांकडे होता. प्रभागातला नगरसेवक नसला की बंद दिव्याची तक्रार कोणाकडे करायची इथपासून सुरुवात होते, हवामानाचा आराखडा तर लांबच राहिला.

१ जूनला पावसाळ्याचा नियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू होतो. त्याच्या वहीत रकाने ठरलेले: वेळ, सावित्रीची पातळी, महाबळेश्वरचा पाऊस, भरतीची वेळ. अशीच दुसरी वही वर्षभर चालवता येईल. पंप किती तास चालला, किती युनिट पडले, कोणत्या गल्लीत पाइप फुटला, कोणता दिवा दुपारी जळत होता. दोन्ही वह्या एकाच कपाटात मावतात. फक्त वरच्या कप्प्यात ठेवायच्या. खालच्या कप्प्यापर्यंत पाणी येते.